शाळेचा सिनेमा निवडणाऱ्या गुरुजनांना खुले पत्र

नागपूर

माननीय मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि सिनेमा निवडण्याचं काम दरवर्षी ज्यांच्या गळ्यात पडतं त्या सर्व शिक्षकमंडळींना,

सप्रेम नमस्कार.

बालदिन जवळ आला की शाळाशाळांमध्ये मुलांना सिनेमाला न्यायचं ठरतं. कोणी एजंट पत्रकं घेऊन येतो, तिकिटाचा दर सांगतो, शिक्षकांचे पास फुकट म्हणतो, आणि स्टाफरूममधला चहा संपायच्या आत सिनेमा ठरून जातो. काही शाळा मात्र हे काम मनावर घेतात, समिती नेमतात, फॉर्म काढतात. असाच एक फॉर्म परवा माझ्या हाती आला. सिनेमाचं नाव, भाषा, लांबी, प्रमाणपत्र, आणि सगळ्यात खाली एक मोठी चौकट: 'चित्रपटातून विद्यार्थ्यांना मिळणारा बोध'. बाकीच्या रकान्यांना एकेक ओळ आणि या चौकटीला अर्धं पान.

ती चौकट काढून टाका, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे.

मी मास्तर नाही, समीक्षकही नाही. बर्डीकडच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. डिजिटल आलं, रिळं गेली, रिळांमागे आम्हीही गेलो. आता वस्तीतल्या वाचनालयात रविवारी पोरांना सिनेमे दाखवतो. एक प्रोजेक्टर आहे, चुना मारलेली भिंत आहे आणि सतरंज्या आहेत. टॉकीजमध्ये होतो तेव्हा शाळांचे सकाळचे शो माझ्याच मशीनवर चालायचे. केबिनच्या काचेतून पडदा दिसतो तशी खाली बसलेल्यांची डोकीही दिसतात. मोठ्या माणसांच्या डोक्यांवरून काही कळत नाही. तिकिटाचे पैसे मोजलेले असतात म्हणून ते रद्दड सिनेमासुद्धा शिस्तीत बघतात. पोट्टे तसले उपकार करत नाहीत.

आमचा डोअरकीपर सिनेमाची पारख बाथरूमच्या रांगेवरून करायचा. हजार फुटांचं एक रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. शाळेच्या शोला पोरांची रांग कितव्या रिळाला लागते, ते तो बघायचा. तिसऱ्या रिळालाच लागली तर कँटीनवाल्याला जाऊन सांगायचा की समोसे लवकर तळायला घे. एखाद्या सिनेमाला मात्र इंटरव्हलपर्यंत कोणी उठायचं नाही आणि इंटरव्हल झाली की सगळी शाळा एकदम धावायची. आवाजातही फरक असतो. वाईट सिनेमाला हॉलमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच पट्टीतला गलका चालू राहतो. चांगल्या सिनेमाला तो चढतो आणि उतरतो. हशा पिकतो, मग एकाएकी चिडीचूप होतं, मग कोणीतरी न राहवून पडद्यावरच्या पोराला सावध करतो, "अबे, मागं पाह्य ना बे!" मुलांचं लक्ष टिकत नाही, त्यांना सारखी धावपळ आणि गाणी लागतात, असं निर्माते सांगतात. मला केबिनमधून तसं कधी दिसलं नाही. पडद्यावरच्या पोराचं काहीतरी पणाला लागलेलं असलं की ही पोरं कितीही संथ प्रसंग बघतात. पणाला काहीच नसेल तर मात्र दर दोन सेकंदांनी दृश्य बदललं तरी समोरच्याच्या कॉलरमध्ये कागदाचा बोळा टाकत बसतात.

आता फॉर्मकडे वळतो. प्रमाणपत्राच्या रकान्यातच पहिली गल्लत होते. 'यू' म्हणजे मुलांचा सिनेमा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. 'यू' म्हणजे कोणीही पाहावा, हरकत नाही. सिनेमात काय नाही तेवढं ते प्रमाणपत्र सांगतं. काय आहे, त्याबद्दल अवाक्षर नाही. २०२३च्या कायदादुरुस्तीनंतर 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, पालकांना थोडा जास्त अंदाज येऊ लागला, हे बरंच झालं. तरी सात वर्षांच्या पोराला चालेल असा सिनेमा वेगळा आणि सात वर्षांच्या पोरासाठी काढलेला सिनेमा वेगळा. कितीतरी कौटुंबिक रडकथा 'यू' असतात आणि त्यांत पोराकडे फक्त आजारी पडण्याचं काम असतं.

आणि बोध. बोधाचा सिनेमा कसा असतो ते तुम्ही माझ्याइतकंच जाणता. मुलाला मोबाइलचं वेड लागलेलं असतं. आईवडील हताश. गावाहून आजोबा येतात. ते नदी दाखवतात, चिंच दाखवतात, विटीदांडू दाखवतात, मध्येच एक गाणं होतं, मग आजोबांच्या छातीत दुखतं. शेवटी मुलगा मोबाइल कपाटात ठेवतो आणि अंगणात झाड लावतो. सगळे टाळ्या वाजवतात. पडद्यावरचे. हॉलमधली पोरं तोवर चपला शोधायला लागलेली असतात.

असा सिनेमा पोरांना का लागू पडत नाही, यावर मी मशीनशेजारी बसून खूप विचार केलेला आहे. त्या मुलाला सबंध सिनेमात काहीच हवं नसतं. हवं असतं ते त्याच्या आईवडलांना, आजोबांना, निर्मात्याला आणि (माफ करा) तुम्हाला. चांगल्या बालचित्रपटात मुलाला स्वतःला काहीतरी पाहिजे असतं, इतकं पाहिजे असतं की त्यापायी तो बोलणी खातो, मार खातो, खोटं बोलतो, रात्री उशिरापर्यंत घराबाहेर राहतो. वाईट बालचित्रपट मुलाच्या डोक्यावरून त्याच्या पालकांशी बोलत असतो. पोराला हे बरोबर कळतं. घरी पाहुण्यांसमोर आई त्याच्याबद्दल बोलते आणि त्याच्याशी बोलत नाही, तेव्हाही त्याला कळतंच की.

अब्बास किआरोस्तमी या इराणी दिग्दर्शकाचा १९८७चा एक सिनेमा मी दर वर्षी दाखवतो. नावाचा अर्थ 'मित्राचं घर कुठे आहे?'. तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

खेड्यातली शाळा आहे. अहमद नावाचा मुलगा, वय आठेक वर्षं. त्याच्या शेजारी बसणारा मित्र गृहपाठ वहीत न करता सुट्या कागदावर करून आणतो. मास्तर कागद फाडतात आणि बजावतात की पुन्हा असं झालं तर शाळेतून नाव काढीन. मित्र रडतो. संध्याकाळी घरी येऊन अहमद दप्तर उघडतो तर मित्राची वही त्याच्याच दप्तरात आलेली. दोन्ही वह्या अगदी सारख्या दिसतात. मित्र राहतो दुसऱ्या गावात, टेकडीपलीकडे, आणि त्याचं घर अहमदला ठाऊक नाही. वही आज पोचली नाही तर उद्या मित्राची शाळा बंद. सिनेमा एवढाच.

अहमद आईला सांगायला जातो. आई कपडे धूत असते, तान्हं रडत असतं. ती म्हणते, आधी गृहपाठ कर. तो पुन्हा सांगतो. ती म्हणते, बाळाला झोका दे. तो वह्या दाखवतो. ती म्हणते, पाव आणायचाय. ती दुष्ट नाही, दमलेली आहे, आणि पोराच्या बोलण्यातला एक शब्दही तिच्या कानात शिरत नाही. हा प्रसंग लांबतच जातो. आमच्या वाचनालयात या ठिकाणी पोरं अक्षरशः उठून उभी राहतात. भाषा फारसी, खाली इंग्रजी ओळी; वस्तीतली कॉलेजला जाणारी एक मुलगी त्या आपल्या बोलीत मोठ्यानं वाचून दाखवते. एकदा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली, "अवो, त्याचं ऐकून तं घ्या!" तिनं ते नेमकं कोणाला सुनावलं ते मला माहीत नाही. तिची आई मागेच बसली होती.

शेवटी अहमद वही घेऊन पळतो. टेकडीवरच्या नागमोडी वाटेनं चढून जातो, त्या गावच्या गल्ल्यांत घर शोधतो, सापडत नाही, परत येतो. वाटेत त्याचे आजोबा त्याला अडवून सिगारेटी आणायला पिटाळतात. सिगारेटी त्यांच्या खिशातच असतात. पोराला वळण लागावं म्हणून पाठवलं, असं ते सोबत्याला सांगतात आणि आपल्या लहानपणी बाप दर आठवड्याला पैसा द्यायचा आणि पंधरवड्याला मार, असं अभिमानानं ऐकवतात. कधी पैसा द्यायला विसरायचा म्हणे, मार द्यायला कधी विसरला नाही. आमच्या पोरांना हे आजोबा लगेच ओळखू येतात. दरवाजे-खिडक्या करणारा एक म्हातारा सुतारही भेटतो. तो अंधारात अहमदबरोबर चालतो, पण इतका हळू की मदत असूनही जीव टांगणीला लागतो. घर मिळत नाहीच. रात्री अहमद घरी बसून आपल्याबरोबर मित्राचाही गृहपाठ लिहून काढतो. दुसऱ्या दिवशी मास्तर वही तपासतात, ठीक म्हणतात, पुढच्या मुलाकडे वळतात. वहीच्या पानात एक फूल असतं.

आता हा सिनेमा तुमच्या फॉर्मवर भरून बघा. मुलगा आईचं ऐकत नाही. न सांगता परगावी जातो. दुसऱ्याचा गृहपाठ स्वतः करून मास्तरांना फसवतो, आणि ते उघडकीला येत नाही. चौकटीत काय लिहाल? 'मैत्री' लिहाल कदाचित. पण मैत्री हा शब्द सिनेमात कोणी उच्चारतसुद्धा नाही. आमची पोरं सिनेमा संपल्यावर मैत्रीवर बोलत नाहीत. ती भांडतात. अहमदनं वही शेजाऱ्याकडे का नाही ठेवली, सकाळी लवकर उठून शाळेच्या दारात का नाही उभा राहिला, त्या सुताराला मागे टाकून पुढे का नाही पळाला. एक जण म्हणाला, मी असतो तर मित्राला म्हटलं असतं, भोग तुझ्या कर्माची फळं. त्याच्यावर बाकीचे तुटून पडले. अर्ध्या तासानं सतरंज्या गुंडाळायला घेतल्या तरी वाद संपला नव्हता. नीतीचं शिक्षण तुम्हाला द्यायचं असेल तर ते या भांडणात चालू होतं, आणि आम्ही मोठ्यांनी त्यात एक अक्षरही बोललो नव्हतो.

तुमच्यापैकी कोणी लगेच म्हणेल, मग 'श्यामची आई'चं काय? १९५३चा आचार्य अत्र्यांचा तो सिनेमा, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. त्यात तर पावलोपावली संस्कार आहेत. खरं आहे. तरी माझा तो आवडता आहे, आणि त्याला मी बोधपट मानत नाही. साने गुरुजींची आई उपदेश करते तेव्हा तो तिला महाग पडलेला असतो. घरात दारिद्र्य, दाराशी सावकाराचा माणूस, अंगात ताप. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती शिंपटीनं झोडते, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ बघून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. श्यामही काही आदर्श बालक नाही. हट्टी आहे, पळपुटा आहे, आईला बोलतो. आजोबा छातीला हात लावतात त्या सिनेमात हे काहीच नसतं. तिथे उपदेश फुकट असतो.

मोठ्यांची पात्रं कशी आहेत, हेही तपासून बघा. वाईट बालचित्रपटात मोठे एकतर देव असतात नाहीतर विदूषक. मुख्याध्यापक केळीच्या सालीवरून घसरतात, चोर तिरळे असतात, हवालदार ढेरपोट्या असतो, आणि प्रत्येक पडण्याला 'टुंई' असा आवाज येतो. (तुमच्या पेशाची इतकी टिंगल चाललेली असते आणि त्याच सिनेमाला तुम्ही अख्खी शाळा घेऊन येता, याचं मला कायम नवल वाटत आलंय.) ज्याला खलनायकच लागत नाही असाही सिनेमा असतो. हायाओ मियाझाकींचा 'माय नेबर तोतोरो', १९८८चा. दोन बहिणी वडलांबरोबर खेड्यात राहायला येतात, कारण आई जवळच्या इस्पितळात आहे. झाडात राहणारा एक केसाळ प्राणी आहे, मांजराची बस आहे, गंमतच गंमत आहे. पण मोठी बहीण धाकटीसमोर सारखा धीर धरून असते, आणि आई मरणार तर नाही ना, हा प्रश्न सगळ्या गमतीखाली चालू असतो. एकदाच तिचा बांध फुटतो. तेव्हा आमच्याकडची सगळी थोरली भावंडं गप्प होतात. धाकटी मात्र मांजराची बस पुन्हा कधी येणार एवढंच विचारतात. एकाच सिनेमात दोघांना आपापलं काही मिळालं.

"त्यात मुलं घाबरतील असं काही नाही ना?" हा प्रश्न तर मला हमखास येतो. अहो, आपण नागपूरकर! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपली पोरं लाकडी बैल सजवून तान्ह्या पोळ्याला नेतात, आणि त्याच दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवर बापाच्या खांद्यावर बसून काळी मारबत आणि पिवळी मारबत हे मिरवणुकीतले मोठाले पुतळे बघतात. डोळे वटारलेली भली थोरली बाई गर्दीतून डुलत येते, बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे येतात, "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" असा कल्ला उठतो. पोरगं बापाचे केस घट्ट धरतं, पण घरी चल म्हणत नाही. मारबत शेवटी जळणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. भीती पोरांना हवी असते. धरायला केस पाहिजेत आणि शेवट व्हायला पाहिजे, एवढी अट. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पहिल्या दहा मिनिटांत मुलाचा कुत्रा किंवा बाप मारायचा, पोरांना रडवायचं आणि पुढच्या गाण्यात सगळे विसरून नाचायला मोकळे. त्या रडण्याचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. पोरं विचारतात. "मंग कुत्र्याले पुरलं का नाही?" असं मला खरोखर विचारलेलं आहे.

पोरांना पैशाचं कळत नाही, असाही एक समज बालचित्रपटांत घट्ट आहे. परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' बघा. पंढरपुरातली दोन भावंडं, वडील वारलेले, आईचं विणकामाचं मशीन कर्जापायी जप्त झालेलं, आणि वडलांनी बनवलेली एलिझाबेथ नावाची सायकल विकली जाण्याच्या बेतात. आईचा विरोध असतानाही पोरं एकादशीच्या जत्रेत बांगड्यांचं दुकान टाकतात. किती बांगड्या खपल्या, किती पैसे झाले, अजून किती हवेत, हा हिशेब सिनेमाभर चालतो. २०१४ सालच्या सिनेमांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट बालचित्रपट ठरला. आमच्या वस्तीत ज्यांच्या घरी हप्तेवाला येऊन गेलेला असतो ती पोरं हा सिनेमा बघताना बोटं मोजतात.

भाषेचं दुखणं खास आपल्या इकडचं आहे. मराठी सिनेमात आपली बोली बहुतेक वेळा नोकराच्या नाहीतर विनोदी मामाच्या वाट्याला येते. पोरं हसतात, पण हसताना एकमेकांकडे चोरून बघतात, कारण घरी आजी तशीच बोलते. २०१८ला 'नाळ' आला तेव्हा विदर्भाकडच्या बोलीत एक पोरगं पडद्यावर रुसलं, भांडलं, आईच्या मागे लागलं, आणि कोणाला ते विनोदी वाटलं नाही. ज्या आईनं वाढवलं ती आपली जन्मदाती नाही, हे चैत्याला मामाच्या बोलण्यातून कळतं आणि मग तो त्या आईची परीक्षा घेत राहतो. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी तेलुगू भाषक आहेत. म्हणजे इथलंच असायला हवं असंही नाही, कान देऊन ऐकायला हवं. 'झुंड'मध्ये तर आपल्याच नागपूरच्या वस्त्यांतली पोरं आली. तो बालचित्रपट नव्हे, पण पोरं कशी बोलतात हे ज्याला ऐकायचं असेल त्यानं ऐकावं. नाहीतर बाकीच्या सिनेमांत आठ वर्षांची मुलगी आईवडलांना संसाराचं तत्त्वज्ञान समजावते, आणि ते इतक्या स्वच्छ उच्चारात की वाक्य संपताच साबणाचं नाव ऐकू येईल असं वाटतं.

हे सगळं निर्मात्यांना सांग, आम्हाला कशाला, असं तुम्ही म्हणाल. निर्माते तुमच्याकडेच बघून सिनेमा काढतात. मुलं तिकीट विकत घेत नाहीत. शाळा घेतात, पालक घेतात. पत्रकावर 'संस्कारक्षम' असं छापलं की गठ्ठ्यानं तिकिटं जातात, हे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे १९५५मध्ये सरकारनं बाल चित्र समिती काढली, पुढच्याच वर्षी 'जलदीप' हा तिचा पहिला सिनेमा आला; २०२२मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. या संस्थेनं बरेच सिनेमे काढले, पण टॉकीजच्या दारापर्यंत फारच थोडे आले. मी ऑपरेटर होतो, मला ठाऊक आहे. इराणमध्ये १९६५ला मुलांसाठी एक सरकारी संस्था निघाली, कानून नावाची. मुख्य काम वाचनालयांचं. तिच्यात पुढे सिनेमाचा विभाग सुरू झाला आणि किआरोस्तमींचा पहिला छोटा सिनेमा तिथेच १९७०मध्ये तयार झाला. अहमदचा सिनेमाही तिचाच. डेन्मार्कमध्ये १९८०च्या दशकापासून सिनेमाच्या सरकारी अनुदानातला चौथा हिस्सा मुलांच्या आणि कुमारांच्या सिनेमांसाठी राखून ठेवतात. आपल्या हातात ते नाही. शाळेचा सकाळचा शो आहे.

तेव्हा माझी विनंती. बोधाच्या जागी फॉर्मवर विचारा की या सिनेमातल्या मुलाला काय हवं आहे. ते एका ओळीत सांगता येतं. वही परत द्यायची आहे. सायकल वाचवायची आहे. सांगता आलं नाही तर सिनेमा पुन्हा बघा, आणि तरीही सांगता आलं नाही तर एजंटला चहा पाजून परत पाठवा.

निवडणाऱ्यांपैकी एकानं तरी सिनेमा आधी पूर्ण पाहिलेला असावा, ट्रेलरवर भागवू नये. आणि समितीत मुलं घ्या. पाचवी ते सातवीची चार मुलं, वर्गातली हुशार म्हणून नावाजलेली नव्हेत, मागच्या बाकावरचीही. यात वेडेपणा काही नाही. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागाचं पारितोषिक मुलांचीच ज्यूरी देते, आणि २०१४मध्ये त्या ज्यूरीनं अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला क्रिस्टल बेअर दिलं. 'किल्ला'त काय घडतं? वडील गेलेले, आईची पुण्याहून कोकणात बदली, चिनूला नवी शाळा, नवे मित्र, आणि एका पावसात ते मित्र त्याला किल्ल्यात एकटा सोडून निघून जातात. तो रुसतो. मग समेट होतो, आणि मैत्री जमते तोवर आईची पुन्हा बदली. समस्या सुटत नाही, भाषण होत नाही. हा सिनेमा मुलांना संथ वाटेल, असं कुणीही मोठा माणूस म्हणाला असता. परक्या देशातल्या, मराठीचा शब्द न कळणाऱ्या मुलांनी तो पहिला काढला.

दुसऱ्या दिवशी निबंध लिहायला लावू नका, ही विनंती मी हात जोडून करतो. 'मला आवडलेला चित्रपट' असा निबंध येणार हे कळलं की पोरं सिनेमा बघायचं सोडून मुद्दे शोधत बसतात. इंटरव्हलला माइक घेऊन काय शिकलो तेही विचारू नका. समोसा खाऊ द्या.

सुरुवात छोट्यापासून करायची असेल तर आल्बेर लामोरीस यांचा 'रेड बलून' दाखवा. १९५६चा फ्रेंच सिनेमा, लांबी फक्त ३४ मिनिटं, एका तासिकेत बसतो. पॅरिसमधला एक मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा लाल फुगा. संवाद जवळपास नाहीतच, त्यामुळे फ्रेंच येत नाही ही सबब चालायची नाही. फुगा त्याच्या वर्गात शिरू बघतो, तेव्हा शाळेतले मोठे काय करतात ते जरूर बघा. पुढे टारगट पोरं गलोल घेऊन येतात. माझ्याकडे पहिलीतल्या पोरांनीही तो जागचं न हलता पाहिलेला आहे.

परभाषेतल्या सिनेमाला वाचून दाखवणारं कोणी हवं असेल तर वर सांगितलेली मुलगी शाळेत यायला तयार आहे, शनिवारची सकाळ सोडून. तेव्हा तिचं कॉलेज असतं. प्रोजेक्टर मी आणीन. खोलीला काळे पडदे मात्र तुम्ही लावा, आणि पंखे आवाज करणारे असतील तर आधी तेल घालून ठेवा.

आपला,
एक जुना ऑपरेटर